इरबा आणि दस्तगीर मिस्त्रींचा कटर

एका गावात एक भोळा गडी होता, इरबा. अंगानं पहिलवान, मनानं गाय, आणि अक्कल देवानं जरा हात राखूनच दिलेली. दस्तगीर मिस्त्रींच्या वर्कशॉपात तो कामाला होता.

मिस्त्रींना एकच ध्यास. हातात धरून लोखंड, काँक्रीट कापता येईल असा कटर बनवायचा. घर पडलं, गाडी चेपली, की आतला माणूस झटक्यात बाहेर निघाला पाहिजे. पहिला कटर उचलायला चौघं लागले. दुसरा एकट्याला उचलता आला, पण असा थरथरला की मिस्त्रींची कवळी खाली पडली. तिसरा मात्र फक्कड जमला. शुक्रवारी अग्निशमन दलाचे साहेब तो बघायला येणार होते. त्यांनी पसंत केला, तर मिस्त्रींच्या बारा वर्षांच्या खटपटीचं सोनं होणार होतं.

सोमवारी इरबानं काँक्रीटचा ठोकळा कोरडाच कापला. धुळीनं मिस्त्री भुतासारखे पांढरे झाले.

"आरं, कापायच्या आधी पाणी मारायचं!"

"व्हय मिस्त्री."

मंगळवारी सिमेंटची पोती फाडायची होती. इरबानं आधी पाणी मारलं. पाइप लावून, अगदी मनापासून. मग तो जेवायला गेला आणि चांगला डुलका काढून आला. तोवर पोत्यांचे धोंडे झाले होते.

"आरं, आत काय हाय ते आधी बघायचं!"

"व्हय मिस्त्री."

बुधवारी मिस्त्रींच्या बायकोचं, म्हणजे भाभींचं, लोखंडी कपाट जिन्याखाली बसेना. वरून वीतभर कापायचं ठरलं. इरबानं कपाट उघडलं, आत नीट बघितलं, बंद केलं आणि कापलं. वरच्या कप्प्यातला भाभींचा लग्नाचा शालूही कापला.

"आत बघितलं नव्हतंस?" भाभी किंचाळल्या.

"बघितलं की. हिरवा हाय. जरीचा."

"मुडद्या! आत जे असंल ते आधी बाहेर काढायचं, मगच कटर लावायचा!"

"व्हय भाभी."

शुक्रवार उजाडला. साहेब आले. सगळं गाव लोटलं. इरबा कसाही असो, कटर चालवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मिस्त्री एका मोडक्या व्हॅनमध्ये बसले आणि दारं बाहेरून वेल्डिंग करून घेतली. अपघातात अडकलेला माणूस म्हणजे आपणच, असं त्यांनी साहेबांना सांगितलं.

"इरबा, काप दार!"

इरबानं व्हॅनवर पाणी मारलं. मग आत डोकावून बघितलं आणि कटर खाली ठेवला.

"मिस्त्री, आधी तुम्ही भाईर या."

"आरं, भाईर येता आलं असतं तर..."

"भाभींनी सांगितलंय."

इरबानं खिडकीची काच फोडली. मिस्त्रींना बखोटीला धरलं आणि ओढलं. मिस्त्री पडले आडव्या बांध्याचे. पोटाशी अडकले. गावानं जोर लावला. सदरा खिडकीत राहिला, पण मिस्त्री बाहेर आले.

इरबानं त्यांना सावलीत बसवलं, कटर उचलला आणि वीस सेकंदांत दार उतरवलं.

"बघा साहेब," तो छाती फुगवून म्हणाला, "आत कोणी नसलं की कसा झ्याक कापतो!"