एक्केचाळीस नावं

छापखाना म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक लेखनिक राहत होता. मठातल्या जुन्या पोथ्या आणायच्या, बोरूने त्यांच्या नव्या प्रती उतरवायच्या, हा त्याचा धंदा. घरात दोघंच माणसं: तो आणि त्याची थोरली बहीण. तिला तो आक्का म्हणायचा. आक्काला लिहितावाचता येत नव्हतं, पण तिच्या डोक्यात एक अख्खं गाव होतं.

ते गाव त्या दोघांचं जन्मगाव. डोंगरापलीकडे होतं. आक्का दहा वर्षांची आणि लेखनिक दीड वर्षाचा असताना तिथे लागोपाठ तीन वर्षं पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, गुरं गेली, आणि एका सकाळी उरलेली एक्केचाळीस माणसं गाव सोडून निघाली. नदीकाठी पोचली ती सहा, आणि त्यांतली आता ही दोघंच उरली होती. आक्काने धाकट्या भावाला पाठीवर बांधून आणलं होतं. वाटेत कोण कुठे बसलं, कोण कुठे राहिलं, हे सगळं तिने पाहिलं होतं.

पुढे मोठी झाल्यावर आक्का रोज पहाटे जात्यावर बसली की ओव्यांऐवजी ती नावं म्हणायची. सटवाजी कोष्टी, त्याची बायको झेलू, गोंदा गुरव, आंधळी येसू... असं करत एक्केचाळीस. एक नाव, जात्यात धान्याचा एक घास. कोणी हसलं तर म्हणायची, "त्यांचं दुसरं कोण आहे आता नाव घ्यायला?"

लेखनिकाने आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं उतरवलं होतं. वयाच्या पन्नाशीला त्याच्या मनाने घेतलं की आपण आपली एक गोष्ट लिहावी. राजाराणीची नव्हे, त्या एक्केचाळीस माणसांची. चांगली लांबलचक गोष्ट. आज तिला आपण कादंबरी म्हटलं असतं. त्याने आक्काला हे सांगितलं तेव्हा ती हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "सगळ्यांना घेशील ना? एकालाही गाळायचं नाही."

"एकालाही नाही," तो म्हणाला.

त्या दिवसापासून सकाळ स्वतःच्या गोष्टीची आणि दुपार मठाच्या पोथ्यांची, असा नेम त्याने धरला. आक्का शेजारी बसून सांगायची, तो लिहायचा. पाने भरली की लाल बासनात बांधून ठेवायचा.

पण गोष्ट लिहिणं म्हणजे पोथी उतरवणं नव्हे, हे त्याला लवकरच कळलं. एखाद्या दिवशी बोरू असा चालायचा की शाई वाळायला वेळ मिळायचा नाही. त्या दिवशी तो जेवताना साध्या पिठल्याचीही तारीफ करायचा, आक्काला म्हणायचा, "मरेपर्यंत एवढंच लिहिलं तरी पुरे." दुसऱ्या दिवशी तीच पाने वाचली की त्याचं तोंड उतरायचं. सगळं फिकं वाटायचं. मग भात कच्चा लागायचा, आमटी खारट लागायची, अंगणातल्या चिमण्यांचाही राग यायचा. तो माडीवरून उतरताना पायऱ्यांवर पाय कसा पडतो, यावरून आक्काला कळायचं की आज पान झालं की नाही.

अशी सहा वर्षं गेली. बासनात साडेतीनशेच्या वर पाने जमली. आणि मग तो एका पानापाशी अडला.

घाटाच्या मधोमध, एका खडकाच्या सावलीला, त्यांची आई खाली बसली होती ती पुन्हा उठलीच नाही. बापाने आक्काला सांगितलं होतं, "पोराला घे आणि चालू लाग. मागे बघू नकोस." एवढं सगळं लेखनिकाला ठाऊक होतं. पण आई काय म्हणाली असेल, हे त्याला लिहिता येईना. आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "मी मागे बघितलं नाही रे."

त्याने आईच्या तोंडी मोठं बोलणं घातलं. फाडलं. रडणं घातलं. तेही फाडलं. देवाची प्रार्थना घातली, तर ती मठातल्या पोथीतून उचलल्यासारखी वाटली. अकरा दिवस गेले, पान होईना. त्याची झोप उडाली, अन्नावरची वासना गेली.

बाराव्या दिवशी सकाळी मठातले शास्त्रीबुवा आपली पोथी न्यायला आले. वाईट माणूस नव्हता तो. चौरंगावर बासन सुटलेलं दिसलं म्हणून त्यांनी सहज चार पाने वाचली.

"अक्षर फार देखणं आहे तुमचं," ते म्हणाले. "पण लेखनिकबुवा, यात देव नाही, राजा नाही, लढाई नाही. कोण कुठली भुकेली माणसं, त्यांची नावं वाचून कोणाला काय मिळणार?"

असं म्हणून ते आपली पोथी घेऊन निघून गेले. दुसऱ्या एखाद्या दिवशी लेखनिक हसला असता, किंवा वाद घातला असता. त्या दिवशी मात्र ते बोलणं त्याला खरं वाटलं. अकरा दिवस आपलं मन जे सांगत होतं, तेच शास्त्रीबुवा म्हणाले, असं वाटलं. त्याने बासन गोळा केलं, काखेत मारलं आणि तो जिना उतरला.

न्हाणीजवळच्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा होता. आक्का जाळ सारत बसली होती. भावाच्या काखेतलं बासन पाहून ती उठली.

"काय करतोस?"

"सहा वर्षं फुकट गेली, आक्का. हे काही चांगलं नाही."

"बरं, नसेल चांगलं. पण आज नको ठरवूस. अकरा दिवस तू धड जेवला नाहीस. उद्या न्याहारी कर, आणि मग काय ते ठरव."

"उद्या काय बदलणार आहे?"

"ते मला नाही सांगता येत. पण इतकी वर्षं मी तुला बघते आहे ना? आज तुला जे नको असतं, ते उद्या हवं असतं."

लेखनिक क्षणभर थांबला. काखेतलं बासन त्याने जमिनीवर ठेवलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आक्काने त्याच्या दंडाला धरलं, आणि त्याला त्या धरण्याचाच राग आला.

"तुला काय कळतं यातलं?" तो ओरडला. "तुला एक अक्षर तरी ओळखता येतं का?"

आक्काने हात काढून घेतला. त्याने बासनाची गाठ सोडली आणि पाने मुठीमुठीने चुलीत घातली. हातकागद तो, सावकाश पेटला. शाईत डिंक होता, त्याचा वास परसभर पसरला. आक्का उभी राहून बघत होती. तिने अडवलं नाही, रडलीही नाही. पाणी चांगलं कढत झालं. त्या पाण्याने लेखनिकाने आंघोळ केली.

खरं सांगायचं तर त्या दुपारी त्याला हलकं वाटलं. तो पोटभर जेवला, आडवा झाला आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धुऊन ओटीवर येऊन बसला. ऊन नुकतं अंगणात उतरत होतं. समोरून एक बाई डोक्यावर पाटी आणि काखेत मूल घेऊन चालली होती. चालता चालता तिने पदर ओढून मुलाच्या तोंडावर सावली केली आणि ती पुढे गेली.

लेखनिक ताडकन उठला. आई काहीच बोलली नसणार! तिच्या अंगात बोलण्याची ताकद कुठे होती? तिने फक्त हात वर केला असेल, आणि आक्काच्या पाठीवरच्या पोराच्या तोंडावर फडकं ओढलं असेल, ऊन लागू नये म्हणून. बस, एवढंच. एका ओळीचं काम होतं ते.

तो दोन दोन पायऱ्या चढत माडीवर गेला. चौरंग होता, दौत होती, बोरू होता. बासनाची जागा रिकामी होती.

त्याने ती जागा हाताने चाचपून पाहिली. मग खाली आला. आक्का तांदूळ निवडत होती.

"आक्का, माझी चूक झाली," तो म्हणाला. "काल मी तुला नको ते बोललो. मी पुन्हा लिहितो. पहिल्यापासून. तू पुन्हा सांगशील?"

आक्काने सूप बाजूला ठेवलं. "सांगते," ती म्हणाली. "सटवाजी कोष्टी. झेलू. गोंदा गुरव. आंधळी येसू. हौसा. हौसाचा मुलगा दगडू..." अशी ती सांगत गेली, तो बोटांवर मोजत गेला. विसाच्या पुढे ती अडखळू लागली. सव्वीसला थांबली.

"पुढे?"

तिचे ओठ हलले. ती उठली, जात्यापाशी जाऊन बसली, खुंटा धरून उगाचच जातं फिरवू लागली. तरी पुढचं नाव येईना.

"तो रिकामा पिंजरा घेऊन चाललेला म्हातारा," लेखनिक घाबऱ्या आवाजात म्हणाला. "त्याचं नाव काय होतं? मी लिहिलं होतं. मलाही आठवत नाही."

"पिंजरा?" आक्का म्हणाली. "कोणी नेला होता पिंजरा?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जात्यावरची नावं त्याने कित्येक वर्षांत ऐकलेलीच नव्हती.

"तू म्हणणं कधी सोडलंस, आक्का?"

"तू लिहायला लागलास ना, तेव्हापासून," ती म्हणाली. "जवळजवळ पन्नास वर्षं मी ते सगळं वाहिलं होतं. तू एकेक माणूस कागदावर घेत गेलास, मी एकेक खाली ठेवत गेले. वाटलं, आता आपल्याला विसरायला हरकत नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर लेखनिकाला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आक्का तीन वर्षं जगली. लेखनिक रोज सकाळी लिहीत राहिला. चांगले दिवस आले, वाईट दिवस आले, पूर्वीसारखेच. फरक एवढाच झाला की लिहिलेलं पान तो त्या दिवशी वाचायचा नाही, आणि त्याविषयी बरंवाईट काही बोलायचा नाही. आईचं पान त्याने लिहिलं, आणि ते एका ओळीतच झालं. ज्या पंधरा माणसांची नावं हरवली होती, त्यांच्यासाठी त्याने खोटी नावं घातली नाहीत. तिथे तो चार बोटं जागा कोरी सोडायचा.

गोष्ट पुरी झाली तेव्हा आक्काला धड उठवत नव्हतं. तो तिच्या उशाशी बसून रोज दुपारी थोडी थोडी वाचायचा. वाचता वाचता कोरी जागा आली की त्याचा आवाज थांबायचा. मग आक्का डोळे मिटूनच हळू आवाजात विचारायची, "इथे कोण होतं रे?"

आणि लेखनिक पुढची ओळ वाचू लागायचा.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: काम वाईट आहे की आपला दिवस वाईट आहे, हे त्याच दिवशी कळत नाही. म्हणून केल्या कामाचा निकाल उद्यावर ठेवावा. आपल्या भरवशावर कोणी स्वतःचं ओझं खाली ठेवलं असेल, तर नक्कीच ठेवावा.