निरोप्या आणि कुलूप

माळरानाला कुंपणं नव्हती, त्या काळी एका हरिणीच्या पोटात पाडस घडत होतं. पाडसाच्याच अंगातल्या एका ग्रंथीने निरोप धाडला, "कारागिरांनो, नर घडवा, काळवीट घडवा!" निरोप्या रक्तातून धावला.

तिथली रीत अशी, की निरोप्याने तोंडाने काही सांगायचं नाही. त्याने कारागिरांच्या दाराच्या कुलपात स्वतःच किल्लीसारखं जाऊन बसायचं. कुलूप फिरलं, तरच आतल्या कारागिरांना हुकूम कळायचा.

पण पाडसाचं अंग मादीचंच होत चाललं.

ग्रंथीला संशय आला. "हा मेला वाटेतच झोपतो!" तिने आणखी निरोपे धाडले, मग त्यांच्यावर पाळत ठेवायला आणखी. सगळे शपथेवर सांगत, "बाई, आम्ही दारापर्यंत जातो."

"मग कारागीर फितूर आहेत!"

शेवटी पहिला निरोप्या कुलपावर खेकसला, "तुझ्यापायी माझी अब्रू गेली. कुणी फितवलं तुला?"

"कुणी नाही रे," कुलूप म्हणालं. "माझी घडणच अशी, की तू माझ्यात बसत नाहीस. आणि हुकूम मिळाला नाही म्हणून कारागीर हात बांधून बसत नाहीत. ते आपल्या रीतीने मादी घडवतात."

निरोप्याने हे ग्रंथीला सांगितलं. "म्हणजे तूही त्यांना सामील!" ती कडाडली.

पाडस जन्मलं. हरिणीने त्याला चाटून कोरडं केलं, ढुशी देऊन उभं केलं, दूध पाजलं. हुकूम कुणी मोडला, हे तिने विचारलंच नाही.

ग्रंथी मात्र अजून आत बसून चोर शोधते आहे.