कलत्या शिळेवरची पेटी

एका राज्यात प्रत्येक गोष्टीचा निवाडा तराजूवर होत असे. नवरदेव तोलून घेत, चोरालाही त्याच्या वजनाइतके दगड वाहायला लावीत. त्या राज्याच्या युवराजाला कालदंष्ट्र जादूगाराने निजवले, चंदनाच्या पेटीत घातले आणि पेटी दरीकाठच्या सपाट काळ्या शिळेवर ठेवली.

"पौर्णिमेला मी शिळेचे मागचे टोक उचलीन," तो म्हणाला. "किती उंचीवर पेटी घसरेल, तिथे आधीच खूण करा. खूण खरी ठरली तर शाप संपला. चुकली, तर पेटी दरीत."

"न तोलता कसे सांगावे?" प्रधान म्हणाला. "पेटीला हात लावणारा तर दगड होतो!"

युवराजाची धाकटी बहीण शाल्मली वनात गेली. तिथे म्हातारी साळुंकी बसली होती.

"साळुंकीबाई, दादा कसा सुटेल?"

"तीन गोष्टी आण, पोरी. त्याच शिळेचा कपरा, म्हणजे सपाट तुकडा, त्याच चंदनाची फांदी आणि, तुम्हा तराजूवाल्यांना हवेच म्हणून, पेटीचे वजन."

शिळेचा कपरा नागापाशी होता. तिचे गाणे ऐकून नागाने तो दिला. चंदनाच्या झाडानेही गाणे ऐकले आणि फांदी खाली टाकली. वजन मात्र कालदंष्ट्रालाच ठाऊक होते.

"सांगतो," तो हसला. "बदल्यात तुझा आवाज दे."

"उद्या सांगते," शाल्मली म्हणाली.

घरी येऊन तिने फांदीची डबी केली, कपऱ्यावर ठेवली आणि कपरा हळूहळू उचलला. उचललेल्या टोकाची उंची कपऱ्याखालच्या जमिनीच्या लांबीच्या निम्मी होताच डबी घसरली. तिने डबीत खडे भरले. तिथेच घसरली. मग काठोकाठ वाळू भरली. तरीही तिथेच!

शाल्मली हसली आणि तिने वाळू ओतून टाकली.

सकाळी ती जादूगाराला म्हणाली, "वजन नको मला. आवाज माझा माझ्यापाशीच राहू दे."

कालदंष्ट्राचा चेहरा उतरला.

तिने शिळेशेजारी खांब रोवला आणि त्यावर निम्म्याच्या हिशेबाने खूण केली. पौर्णिमेला शिळा उचलली गेली. प्रधानाने डोळे मिटून घेतले. टोक खुणेला टेकले, पेटी सरकली आणि शाप तुटला. शिळा आपोआप आडवी झाली, जादूगाराची वाळू झाली.

झाकण उघडले. युवराज निजलेलाच होता. ती झोप सख्ख्या बहिणीच्या हाकेनेच मोडणारी होती; म्हणूनच जादूगाराने तिचा आवाज मागितला होता.

"दादा, ऊठ रे!" शाल्मलीने हाक मारली.

तो उठला. त्या राज्यात तराजू अजून आहे, पण तो धान्यापुरता.