घंटेच्या जागी

शिरोलीतल्या एका फौंड्रीत विजेच्या भट्टीची घंटा सकाळपासून तीनदा वाजली. भट्टीच्या आतलं लायनिंग, म्हणजे उष्णता सोसणारं अस्तर, झिजलं की ती वाजते. वितळलेलं लोखंड त्यातून बाहेरच्या, पाणी खेळवलेल्या तांब्याच्या कॉइलपर्यंत पोचलं, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन भट्टी फुटते आणि जवळची माणसं वाचत नाहीत.

भट्टी सांभाळणारे भूपालअण्णा म्हणाले, "साहेब, भट्टी रिकामी करून लायनिंग फोडू या, नवं घालू या."

नवे मॅनेजर रायरीकर कडाडले, "संध्याकाळी माल जायचाय! घंटाच बिघडलीय, तिची तार कापा. वीस वर्षं भट्ट्या बघतोय मी. लायनिंग ठणठणीत आहे."

अण्णांनी पक्कड उचलली. तारेशी येऊन अण्णा थांबले.

"कापतो की साहेब. पण घंटेच्या जागी कोनतरी पायजे. भट्टीखालच्या खड्ड्यात खुर्ची टाकतो, तुमी बसा. लोखंड येताना दिसलं की हाळी द्या. तुमच्या वीस वर्षांपुढं ही घंटा म्हंजे काय!"

रायरीकरांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि भट्टी रिकामी करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी, भट्टी निवल्यावर, लायनिंग फोडलं. लोखंडाची पातळ जीभ त्यात शिरून कॉइलपासून नखभर अंतरावर थिजली होती. रायरीकरांनी वाकून ती जीभ पाहिली. मग म्हणाले, "अण्णा, ही घंटा आणखी मोठ्याने वाजेल, असं काही करता येईल का?"