आडव्या वल्ह्याची वाट

मुरवंड्याच्या कोळवाड्यातून समुद्राकडे जाणारी एक वाट आहे. लांबी साडेतीनशे पावले असेल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांना चिऱ्यांचे गडगे, आणि डावीकडच्या गडग्याबाहेर केवड्याचे बन. गावातल्या इतर पाखाड्यांत समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागते. ही एकच वाट या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा हात रुंद आहे. तिला फाटक नाही. आणि तिच्यावर चालणाऱ्या माणसाला कोणी 'थांब' म्हणत नाही. हाक मारायची असली तर नाव घेतात आणि मागून चालत जाऊन गाठतात.

डावीकडची वाडी आमची. मी चाळीस वर्षे बाहेरगावी इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर इथे येऊन राहिलो. त्यामुळे पाहुण्यांना गावाची माहिती सांगायचे काम माझ्याकडे आपोआप आले. मी ते नीट करतो की नाही, याची मला खात्री नाही.

गेल्या वैशाखात नगररचना खात्याचे दोन अधिकारी नकाशा घेऊन आले. साळसकर हे वयाने मोठे, आणि त्यांच्याबरोबर पडवळ नावाची तरुण बाई. किनाऱ्यावर जिथे होड्या ओढून ठेवतात तिथे सार्वजनिक उद्यान करायचे ठरत होते. बाके, मुलांसाठी झोपाळे, कपडे बदलायला खोल्या. समुद्राकडे जाणारी ही वाट चार फुटांची, सिमेंटची, दोन्ही कडांना फुलझाडांचे वाफे, आणि शेवटी एक फाटक. ते सूर्यास्ताला बंद होणार. नकाशा सुबक होता. मला त्यात पहिल्यांदा काही वावगे दिसले नाही, हे कबूल केले पाहिजे.

"आप्पा, चार फुटांत दोन माणसं आरामात जातात," साळसकर म्हणाले. "मी आणि पडवळ मॅडम आत्ताच चालून बघितलं."

गोदाबाई खडपकर गडग्यावर टोपली टेकवून उभी होती. कोळवाड्यातली सगळ्यात वयस्कर बाई. ती म्हणाली, "तुम्ही दोघं रिकाम्या हातांनी चाललात, साहेब."

"मावशी, बागेत माणसं रिकाम्या हातांनीच येतात."

"मग जाताना आमच्या होड्या पण खिशात घालून न्या. एकेक नेली तरी चालंल."

साळसकर हसले. पडवळबाईंनी टेप गुंडाळत विचारले, "पण मावशी, सगळीकडे बरोबर सहा हातच कशी काय?"

"ते आप्पांना विचारा. त्यांच्या घरची करणी हाय ती."

मी सांगायला कचरलो. या गोष्टीला कागदाचा आधार नाही. पेशवाईतली म्हणावी तर एक अडचण येते, इंग्रजी अमलातली म्हणावी तर दुसरी. आमच्या घरात ती एका तऱ्हेने सांगतात, कोळवाड्यात दुसऱ्या तऱ्हेने. तरी त्या दोघांना गडग्यावर बसवून जे सांगितले, ते असे.

आमच्या घराण्यात केशवशास्त्री नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. चौदा वर्षे काशीला राहून आलेले. गावात कोणालाही काही अडले, की त्यांच्या ओटीवर यायचे आणि ते सांगतील तसे करायचे. माणूस वाईट नव्हता असे सगळेच सांगतात, कोळवाड्यातलेही. खाऱ्या वाऱ्याने आणि उडत्या वाळूने त्यांच्या वाडीतली पोफळीची रोपे करपत, म्हणून त्यांनी गडग्याबाहेर हातभर जागेत केवडा लावला. त्यांनी लावला तो हातभरच. पण केवडा खोडातून मुळे खाली सोडतो, मूळ जिथे टेकते तिथे पाय रोवतो आणि पुढे सरकतो. दहा-पंधरा वर्षांत तो निम्म्या वाटेवर आला. कोणी काही बोलले तर शास्त्री म्हणत, "मी लावला तो तिथेच आहे." आणि ते खोटे नव्हते.

पावसाळ्यात लाटा गडग्यापर्यंत येतात. त्यामुळे कोळी ज्येष्ठ लागला की होड्या कोळवाड्यात आणत आणि नारळीच्या झापांखाली पालथ्या घालून ठेवत. केवडा वाढू लागला तशी होडी आणताना आधी नुसते अंग काट्यांनी ओरबाडे. मग होडी उचलून खांद्यावरून आणू लागले. मग तीही अडू लागली तेव्हा होडी कडेवर उभी करून, दहा-बारा जणांनी पेलून, तिरकी काढू लागले. धडधाकट गडी असले की ते जमते. थट्टा करत, शिव्या देत दरवर्षी ते जमत होते, म्हणून शास्त्र्यांच्या ओटीवर तक्रार घेऊन कोणी गेले नाही.

त्या वर्षी शास्त्र्यांची बायको मरता मरता वाचली होती. तिच्यासाठी त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला. चार महिने हिरवी फांदी तोडायची नाही आणि आपल्या जागेत कोणाला तोडू द्यायची नाही. नेम मोडला तर तिचे काय होईल, ही धास्ती त्यांच्या मनात होती. गावाला तो नेम माहीत होता आणि गाव तो पाळत होते. त्यांच्या बांधावरचे गवतसुद्धा कोणी कापले नाही म्हणे.

आषाढी अमावास्येच्या दोन दिवस आधी समुद्रात एक गलबत फुटले आणि त्याचे सागवान बगळ्याच्या खडकाला येऊन अडकले. तो खडक किनाऱ्यापासून दूर आहे, पण अमावास्येच्या पहाटे मोठी ओहोटी लागते तेव्हा तिथवर चालत जाता येते. सात जण लाकूड आणायला गेले. त्यांच्यात हरबा तांडेल होता. गावातले बाकीचे गडी तेव्हा वरच्या गावांत भाताच्या लावणीला गेलेले. मागे राहिल्या बायका, पोरे आणि म्हातारे.

वारा फिरला. खडक आणि किनारा यांच्यामधल्या खोलगट जागेत पाणी वेळेआधी भरले आणि सातही जण खडकावर अडकले. दुपारच्या भरतीला तो खडक पुरता बुडतो. सकाळचे ऊन अजून कोवळे होते, म्हणजे हातात काही वेळ होता. हरबाचा बाप कान्हू, डोळ्यांनी अधू झालेला, पण वल्ह्यावर त्याचा हात बसलेला. तो म्हणाला, "होडी पाण्यात घाला, मी नेतो. खडकाच्या आडोशाला पाणी अजून निवांत हाय." हरबाच्या बायकोचे नाव भिकाय. तिने अकरा बायका गोळा केल्या. त्यांनी एक होडी सुलटी केली, खाली लाकडी ओंडके घातले आणि दोन्ही बाजूंनी ढकलत वाटेला लावली.

अर्ध्या वाटेवर होडी केवड्यात रुतली. गडी ती कडेवर उभी करून नेत. बायकांना ती उचलेना. त्यांनी करून पाहिले तेव्हा होडी एकीच्या पायावर आली. होडी आडवीच जायला हवी होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना ढकलणाऱ्या बाईपुरती जागा हवी होती. तेवढी वाट उरलीच नव्हती.

भिकाय कोयता घेऊन शास्त्र्यांच्या ओटीशी धावली.

"शास्त्रीबाबा, केवडा तोडायला पायजे. होडी अडकलीय. माणसं खडकावर हायत."

शास्त्री पूजेवरून उठून बाहेर आले. "किती तोडावा लागेल?"

"होडी जाईल इतका."

"माझा नेम आहे, भिकाय. कशासाठी आहे ते तुला ठाऊक आहे."

"ठावं हाय. म्हणून तर विचारायला आले. न्हायतर आतापतुर तोडला असता."

शास्त्री म्हणाले, "थांब. बघून सांगतो."

ते आत गेले आणि त्यांनी पोथ्या खाली काढल्या. एका पोथीत त्यांना सापडले, की जीव वाचवायला नेम मोडला तर दोष नाही. त्यांना हायसे वाटले. पण लगेच मनात आले, की हा नेम स्वतःसाठी नाही, दुसऱ्याच्या जिवासाठी धरलेला आहे. त्याला हे लागू होते का? त्यांनी दुसरी पोथी सोडली. तिथे निराळे लिहिलेले होते. मग तिसरी. आतल्या खोलीतून त्यांची बायको अंथरुणावरून म्हणाली, "अहो, बाई दारात उभी आहे."

"बघतोय ना," शास्त्री म्हणाले.

हे मी सांगत असताना पडवळबाईंनी विचारले, "पण मग ती थांबली का? कोयता हातात होता ना?" हा प्रश्न मलाही नेहमी पडतो. त्या घराची वस्तू त्या घराच्या शब्दाशिवाय कोणी हलवलेली तिने जन्मात पाहिली नव्हती, एवढेच मला सांगता येते. गोदाबाईने माझ्याकडे न बघता उत्तर दिले, "तिच्यासारख्याच दुसऱ्या बाईच्या जिवाचा नेम होता तो. म्हणून थांबली."

असे सांगतात, की अंगणातल्या तुळशीची सावली आखडत वृंदावनाच्या पायथ्याशी आली तरी भिकाय पायरीवर उभीच होती. मग वाटेकडून बायकांचा आक्रोश ऐकू आला. तेव्हा ती कोयता घेऊन वाटेकडे धावली. शास्त्री पोथीत बोट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "तोड. दोष नाही." पायरीवर कोणी नव्हते.

बायकांनी केवडा तोडला, होडी काढली, कान्हूने ती पाण्यात नेली. खडक बुडालेला होता. सागवानाच्या एका फळीला धरून दोघे तरंगत होते, ते हाती लागले. पाच गेले. हरबा त्या पाचांत होता. त्याचे प्रेत तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मिळाले.

दिवसकार्य झाल्यावर गाव वाटेच्या तोंडाशी जमले. भिकाय शाप देईल असे सगळ्यांना वाटत होते. शास्त्रीही येऊन उभे होते, म्हणे मान खाली घालून. भिकायने शाप दिला नाही. तिने होडीतले सहा हात लांबीचे वल्हे काढले, छातीशी आडवे धरले आणि समुद्राच्या दिशेने चालू लागली. वल्ह्याचे टोक केवड्याला लागे, पाने फाटत, ती तशीच रेटत पुढे जाई. कोणी तिला हाक मारली नाही. शास्त्र्यांनी एकाच्या हातातून कोयता घेतला आणि जिथे जिथे वल्हे लागले होते तिथला केवडा तोडत ते मागून निघाले. जन्मात त्यांनी कोयता धरला नव्हता. हात काट्यांनी रक्ताळले. ती पाण्यापर्यंत पोचली तेव्हा ते जेमतेम पहिल्या वळणावर होते. संध्याकाळपर्यंत ते एकटे तोडत राहिले, चातुर्मासात, नेम मोडून.

त्याच दिवशी त्यांनी शब्द दिला. आडवे वल्हे जाईल तेवढी वाट आमची नाही. दरवर्षी त्या अमावास्येला कोळवाड्यातल्या बाईने ते घेऊन जावे, गड्याने नाही. तिने कोणाला विचारू नये, कोणासाठी उभे राहू नये. जे लागेल ते आमच्या घरातल्या माणसाने मागून तोडावे.

शास्त्र्यांची बायको त्याच कार्तिकात गेली असे आमच्या घरात सांगतात. कोळवाड्यात म्हणतात, की ती पुढे वीस वर्षे जगली आणि वल्ह्यामागे स्वतः चालत असे. यातले खरे कुठले, ते मला ठरवता आलेले नाही.

गोष्ट संपली तेव्हा साळसकरांनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाले, "आप्पा, वाईट झालं खरं. पण आता इंजिनाच्या बोटी आहेत, बंदर आहे. होडी या वाटेने कोण ओढतंय? आणि बाग तुमच्याच पोरांसाठी आहे."

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. बाके मलाही हवी होती. गुडघ्यांमुळे मला वाळूत उभे राहवत नाही. मी ते बोलून दाखवले. मग दुसरी बाजूही सांगितली. मग पुन्हा पहिली.

पडवळबाईंनी वही उघडली. "आप्पा, मुदतीत लेखी हरकत आली तर आराखडा बदलता येतो. तीस दिवस आहेत. जागा तुमच्या वाडीला लागून आहे, तुमच्या सहीला वजन पडेल. रुंदी किती लिहू?"

"थोडं बघून कळवतो," मी म्हणालो.

गोदाबाईने टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि ती कोळवाड्याकडे निघून गेली.

हरकतीचे पत्र मी चार वेळा लिहिले. पहिल्यात आख्यायिका फार झाली, दुसऱ्यात कायदा. तिसऱ्यात मी बागेची इतकी बाजू घेतली, की हरकत कशाला ते कळेना. चौथे मनासारखे झाले तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते. कोळवाड्यातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात एक कागद दिला होता, असे मला नंतर समजले. त्यावर सह्या आणि अंगठे होते आणि मजकूर एका ओळीचा. वाट सहा हात पाहिजे. त्यावर खात्याचे उत्तर अजून आलेले नाही. किनाऱ्यावर आखणीचे खुंट मात्र ठोकून झाले आहेत.

आजही आषाढी अमावास्येला वल्हे निघते. यंदा ते गोदाबाईच्या सुनेने धरले होते. आमच्या घरात आता मीच उरलो आहे, म्हणून कोयता माझ्याकडे असतो. वल्हे केवड्याला लागते, पाने फाटतात, मी वाकून बुंधा शोधतो, हा तोडावा की तो, ते बघतो, आणि मग तोडतो. ती समुद्राला वल्हे लावून परत येते तेव्हा मी तिला वाटेतच भेटतो, अजून पहिल्या वळणापाशी.