चुकलेल्या निष्कर्षाचे पेढे

समाजकार्याचे शिक्षण देणाऱ्या एका महाविद्यालयात दामोदर अष्टेकर नावाचे एक वयोवृद्ध प्राध्यापक होते. निवृत्तीनंतरही संस्थेने त्यांना संशोधनाच्या मार्गदर्शनासाठी ठेवून घेतले होते. विद्यार्थी त्यांना नुसते ‘सर’ म्हणत. इतर सरांचा उल्लेख करताना मात्र आडनाव लावावे लागे.

निवृत्तीपूर्वी काही वर्षे सरांनी गावाबाहेरच्या दगडखाणीच्या वस्तीत एक अभ्यास केला होता. तेथे बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता आणि थोड्याच दिवसांत ओस पडला होता. असे का झाले, हे सरांनी घरोघर जाऊन विचारले. ‘आता या वयात शिकून काय करायचंय?’ हेच उत्तर त्यांना जवळजवळ प्रत्येक दारात मिळाले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष लिहिला, की या वस्तीतील प्रौढ स्त्रियांना शिक्षणाची ओढ नाही. सारी शक्ती मुलांवर लावावी. तसेच झाले. मुलांची शाळा उभी राहिली, उत्तम चालली. बायकांचा वर्ग मात्र पुन्हा कोणी काढला नाही. पुढे तो अभ्यास वर्गावर्गातून शिकवला जाऊ लागला.

प्रणिता खरात ही सरांची विद्यार्थिनी. पदव्युत्तर प्रबंधासाठी तिने त्याच वस्तीतील मुलांची शाळा हा विषय घेतला. ती तेथे वारंवार जाई, आयांशी बोले, त्यांच्या घरी जेवे. एके दुपारी मंजुळाबाईंच्या चुलीपाशी बसून तिने भाकरी थापायला घेतली. तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे झाले. मंजुळाबाईंची सून हसली, मंजुळाबाई हसल्या आणि प्रणितालाही हसू आवरेना.

“तू आमच्यासंगं हसतेस तरी,” मंजुळाबाई म्हणाल्या. “आम्ही तर हसतील म्हणून शाळाच सोडली.”

प्रणिताने विचारले तशी हकिकत निघाली. त्या वर्गात सासवा आणि सुना एकाच सतरंजीवर बसत. सून भराभर अक्षरे काढी, सासूचे अक्षर वाकडे येई. घरात जिच्या शब्दावर सगळे चाले, तिला तेथे अक्षर कसे काढायचे ते सुनेने दाखवावे लागे. मंजुळाबाईंनी जाणे सोडले. त्या जात नाहीत म्हटल्यावर सुनेला एकटीला कोणी पाठवले नाही. सर विचारायला आले तेव्हा हे का सांगितले नाही, असे प्रणिताने विचारताच मंजुळाबाईंनी पदर सावरला.

“एवढ्या मोठ्या माणसाला काय सांगायचं? सुनेपुढं लाज वाटते म्हणून?”

सुनेने मान खाली घालून हळूच सांगितले, की सासूबाई अजूनही बाजाराला जाताना एसटीच्या पाटीवरची अक्षरे जुळवत उभ्या राहतात.

प्रणिता मग इतर घरांतही बसली. बहुतेक ठिकाणी अशीच गोष्ट निघाली. कुठे सासूऐवजी मोठी जाऊ, एवढाच काय तो फरक. शिकायला नको असे मनापासून म्हणणाऱ्याही काही भेटल्या, पण त्या थोड्याच.

आता तिला धास्ती वाटू लागली. जे तिच्या हाती आले होते, ते तिच्याच मार्गदर्शकांचा नावाजलेला निष्कर्ष खोडून काढत होते. मैत्रिणींनी ते प्रकरण गाळून टाक म्हणून सुचवले. प्रबंध मुलांच्या शाळेवर आहे, आयांच्या वर्गाचे तुला कोणी विचारणारही नाही, असे त्यांचे म्हणणे. प्रणिताला गाळवेना आणि धडधडीत लिहिण्याचे धैर्यही होईना. शेवटी तिने एक मऊ वाक्य लिहिले, की पूर्वीच्या निष्कर्षाचा काही अंशी पुनर्विचार करता येईल.

सरांनी ते वाचले आणि तिला बोलावून घेतले.

“काही अंशी म्हणजे किती?” त्यांनी विचारले.

“पूर्णच, सर,” प्रणिता म्हणाली.

सरांनी मग तिची कसून तपासणी केली. कोणाला विचारले, कोठे बसून विचारले, तेव्हा जवळ आणखी कोण होते, उत्तर तिने तर सुचवले नव्हते ना, वेगळे बोलणाऱ्या बायकांचे म्हणणे नोंदवले की नाही. तिने जमेल तसे सगळे सांगितले. सरांनी चपला पायात सरकवल्या आणि ते तडक बाहेर पडले. आपली पदवी आता हुकली, असे प्रणिताला वाटले.

तासाभराने सर परतले ते हातात पेढ्यांचा मोठा खोका घेऊन. प्राचार्य, ग्रंथपाल, शिपाई, व्हरांड्यातले विद्यार्थी, ज्याच्या त्याच्या हातावर पेढा ठेवत ते सांगू लागले, “माझा निष्कर्ष चुकला. आमच्या प्रणितानं शोधून काढलं.” लोकांना हसावे की गप्प राहावे ते कळेना. प्रणिता तर पेढा हातात धरून तशीच उभी होती.

“सर, तुम्हाला वाईट नाही वाटलं?” तिने विचारले.

“वाटलं. दुकानापर्यंत वाईटच वाटत होतं,” सर म्हणाले. “मग मनात आलं, समजा मी बरोबर ठरलो असतो, तर हाती काय राहिलं असतं? माझं एक वाक्य, आणि शिकायची इच्छाच नसलेली एक वस्ती. आता वाक्य गेलं आणि त्या बायका मिळाल्या. त्यांना शिकायचं होतं, प्रणिता, ही बातमी केवढी मोठी आहे. मधली वर्षं गेली, ती मला भरून देता येणार नाहीत. पण आपण संशोधन करतो ते माणसांसाठी. माणसं आपल्या समजुतीपेक्षा मोठी निघाली, तर तोंड कडू करून कसं चालेल?”

प्रणिताने पेढा तोंडात टाकला, आणि तिचे डोळे भरून आले.

प्रबंधातले ते मऊ वाक्य खोडून तिने स्पष्ट लिहिले. पुढे एका संशोधन परिषदेत दोघांनी मिळून त्यावर निबंध वाचला. आधी सरांनी आपला जुना निष्कर्ष सांगितला, मग प्रणिताने तो का टिकत नाही ते सांगितले. सारे सभागृह टाळ्या वाजवत उभे राहिले. वस्तीत सासवांचा वर्ग दुपारी आणि सुनांचा सकाळी सुरू झाला. सासवांना शिकवायला सर स्वतः जाऊ लागले, आणि त्यांच्या वर्गातला गलका रस्त्यापर्यंत ऐकू येई.

नव्या वर्षाचे विद्यार्थी आले तेव्हा सरांनी आपले उरलेले सगळे अभ्यास कपाटातून काढून टेबलावर मांडले. एका विद्यार्थ्याने अदबीने विचारले, की यांतून काय शिकायचे?

“वस्त्यांत जा आणि हे पुन्हा विचारून या,” सर म्हणाले. “मी आणखी कुठं चुकलो असेन, तर लवकर सांगा. मी आता म्हातारा झालोय. अशा आनंदाच्या बातम्या फार दिवस थांबवू नका.”