घंटीचा नवा नियम

हत्यारांना वाचा होती, त्या काळातली गोष्ट. एका कोठीत घंटी "कापा" म्हणाली, की दाराच्या सगळ्यात जवळ असेल त्याने धावायचं, असा नियम होता. दाराशी टांगलेली होती करवत. त्यामुळे दोरा तोडायला तीच आणि कोथिंबीर चिरायलाही तीच. कोथिंबिरीचा लगदा व्हायचा, पण करवतीचा तोरा उतरत नसे.

घरच्या लग्नाच्या सकाळी घंटी म्हणाली, "आजपासून काय कापायचं ते आधी सांगेन. ज्याचं काम, त्यानेच उठायचं."

"म्हणजे मी आता गंजायचं," करवत पुटपुटली.

"मावशी, निदान वऱ्हाडाच्या पानात आज लगदा पडणार नाही," विळी खिदळली.

भोपळा म्हणताच विळी पळाली, झालर म्हणताच कात्री. करवत आपली खुंटीवरच; तिचे दात नुसते शिवशिवत होते. मग मांडवाचा खांब हातभर लांब निघाला.

"खांब," घंटी म्हणाली.

कोणीच हललं नाही. सगळे करवतीकडे पाहू लागले, तशी ती खुंटीवरून उडी मारूनच निघाली. खर्र खर्र करत तिने एवढा भुसा उडवला, की नवरदेवाचा फेटा पिवळा झाला. खांब मात्र नेमका बसला.

तेवढ्यात घंटी म्हणाली, "सुपारी."

अंगावरचा भुसा झटकत करवत हसत म्हणाली, "अहो अडकित्तेराव, उठा की. तुमचं बोलावणं आलंय."